पिवळ्या चाकाचा जबाब

आचारसंहितेचा भंग केल्याबद्दल माझा जबाब घेतला गेला, त्याच्या बरोबर अकरा दिवस आधी मी फक्त एक तारेचा ब्रश आणायला घराबाहेर पडलो होतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या कॉलनीत या प्रकरणाच्या तीन-चार आवृत्त्या फिरतायत, आणि त्यातल्या एकीत मी एका पक्षाकडे तिकीट मागायला गेलो होतो असंही आहे. मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यात मी तिकीट मागितलं ते फक्त एसटीचं.

प्रकरण एका चाकाचं आहे. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये एक ग्रीन जिम आहे. तिच्यात ग्रीन काहीच नाही. बसवली तेव्हा यंत्रं पिवळी-निळी होती, आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती आपली आपणच तांबडी झाली. एकंदर सहा यंत्रं. त्यातल्या एकावर बायका बसून मेथी निवडतात, एकावर धुतलेल्या सतरंज्या वाळतात, तीन यंत्रांच्या फक्त बैठका उरल्यात. सहावं म्हणजे खांद्याचं चाक. मधे एक खांब, त्याला दोन बाजूंनी स्टिअरिंगसारखी दोन मोठी चाकं. मूठ धरायची आणि गोल गोल फिरवायचं.

माझ्या बायकोला, अंजलीला, श्रावणात अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात तेवढा मागं राहिला. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, असं चाक कुठं असेल तर रोज फिरवा, पन्नास फेऱ्यांपर्यंत न्या. दिवाळीपासून आम्ही रोज सकाळी खाली जायचो. ती बारा फेऱ्या करायची, बरा दिवस असला तर चौदा. मग एका सकाळी मुठीजवळच्या गंजाचा पापुद्रा तिच्या तळहातात घुसला. रक्त आधी मला दिसलं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, पट्टी झाली, पट्टी निघालीसुद्धा. पण ती काही परत खाली आली नाही. "आता नको," एवढंच म्हणाली. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायची, उजवा हात मांडीवर ठेवून, जणू कोणीतरी येईपर्यंत सांभाळायला दिलाय.

तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती. तिचा आवाज खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत जायचा. आता घरात इतकं शांत असायचं, की फ्रिज बंद पडला तर मला दचकायला व्हायचं. मी ठरवलं, त्या चाकाचा गंज काढायचा, रंग द्यायचा आणि तिला खाली आणायची.

ज्याचा जन्म सरकारी खात्यात गेला त्याला आधी अर्ज सुचतो, ब्रश नंतर. मी अर्ज घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण मीही पस्तीस वर्षं अशाच कार्यालयांत होतो.

"हे साहित्य आमच्या यादीत नाही काका," समोरच्या मुलीनं अर्ज परत सरकवला.

"पण ते आमच्या इथं उभं आहे."

"उभं असेल. यादीत नाही."

"बरं, पण गंजलंय त्याचं काय?"

"यादीतच नसलेली वस्तू गंजली असं आम्हाला कसं म्हणता येईल?"

मी अर्जाची घडी करून खिशात घातली. याच सुरात मी दिंडोरी, इगतपुरी आणि नाशिक अशा तीन ठिकाणी शेकडो माणसं परत पाठवली होती. खिडकीच्या अलीकडून ते ऐकायला कसं वाटतं, हे मला एकसष्टाव्या वर्षी समजलं. निघताना ती मुलगी, स्वभावानं चांगली असावी, म्हणाली, "तुम्हीच देऊन टाका ना रंग. एवढ्याशा गोष्टीकडे कोण बघतंय?" हे वाक्य मी तिच्याकडून लेखी घ्यायला हवं होतं. एवढ्या अनुभवी माणसानं ते घेतलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

वडाळा रोडला नियाजभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. आमच्या गॅलरीची जाळी त्यांनीच केलेली. मी चाकाचं वर्णन केलं. त्यांनी हातातलं वेल्डिंग बाजूला ठेवून ते ऐकलं, एखाद्या नातेवाइकाची तब्येत ऐकावी तसं.

"जंग जिंदी असते साहेब," ते म्हणाले. "आधी तिला मारायचं, मग रंग. जिंद्या जंगवर रंग दिला ना, तर वरून नवं दिसतं आणि आतून खात राहतं. उद्या रविवार आहे, मी येतो, ग्राइंडर मारून अर्ध्या दिवसात मोकळं करतो."

"नको," मी म्हणालो. "मला स्वतः करायचंय."

त्यांनी एकदा माझ्या हातांकडे बघितलं. या हातांनी फार तर फायलींच्या नाड्या बांधल्या होत्या. तरी त्यांनी तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि रेड ऑक्साइड प्रायमरचा डबा दिला. "एक गोष्ट ध्यानात ठेवा. जेवढं घासाल तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर. उघडं लोखंड रातभर ठेवू नका. दिवस थंडीचे आहेत, दव पडतं."

मी मान हलवली. अशी मान मी साहेबांसमोरही हलवायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी कामाला बसलो, आणि साडेआठपर्यंत सल्लागार मंडळ जमलं. अध्यक्ष सहादूतात्या. रेल्वेत इगतपुरीला नोकरी झाली आणि आता आमच्या तळमजल्यावर राहतात. पाऊस आणि लोखंड या दोन विषयांवर त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नाही.

"पगारे, आमच्या इगतपुरीत पाऊस असा, की माणूस एका जागी उभा राहिला तर गंजायचा," तात्या बाकावर ऐसपैस बसत म्हणाले. "पण रुळाला कधी कोणी रंग दिलेला बघितलाय? नाही ना? का नाही? कारण रुळावरून रोज गाडी जाते. वापर पाहिजे! चाक फिरवत राहा, गंज आपोआप पळतो."

"तात्या, फिरवताना तर हिच्या हाताला लागलं."

"म्हणजे कमी फिरवलं."

तेवढ्यात नवसाबाई आल्या. या दिंडोरीकडच्या, द्राक्षबाग धाकट्या मुलावर सोपवून थोरल्याकडे राहायला आलेल्या. लुगड्याखाली स्पोर्ट्स शूज घालतात आणि रोज पहाटे त्याच चाकाच्या दोनशे फेऱ्या करतात. बागेत चाळीस वर्षं फवारणीचा पंप पाठीवर वागवलेल्या बाईला त्या चाकाचं काय वाटणार?

"चिंच लाव चिंच," त्या म्हणाल्या. "समई कशी लख्ख होती!"

"समई पितळेची असते मावशी."

"मंग हे काय सोन्याचं हे?"

 दुपारपर्यंत मला लिंबू-मीठ, कोल्ड्रिंक, रॉकेल, कच्चा बटाटा आणि राख इतकी औषधं सांगून झाली. प्रत्येक सल्लागार स्वतः थोडं घासून दाखवायचा, ब्रश जमिनीवर ठेवायचा आणि जायचा. माझ्या बोटांना फोड आले. नाकातून तांबडं येऊ लागलं. मधूनमधून मी वर गॅलरीकडे बघत होतो. अंजली बसलेली दिसायची. मी ब्रश उंचावून दाखवला. तिनं डावा हात जरासा उचलला आणि परत ठेवला.

दिवस मावळायला आला तेव्हा दोन्ही चाकं चांदीसारखी निघाली होती. माझ्यात मात्र डब्याचं झाकण उघडण्याचंही त्राण नव्हतं. म्हटलं, प्रायमर उद्या सकाळी. एका रात्रीनं असं काय होणार आहे?

सकाळी खाली गेलो तर चाकं केशरी. रात्रीत गोवर उठावा तशी, एकसारखी, बारीक बारीक पुरळाची. मी बोट फिरवलं, बोट केशरी झालं. मी नियाजभाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, मी बोललो होतो ना."

"बोलला होतात."

तासाभरात ते स्कूटरवरून आले. कोणी बोलावलं नव्हतं. आल्याआल्या त्यांनी पॉलिश पेपर फाडला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः घेतला आणि एका चाकाशी बसले. आम्ही दोघं दोन बाजूंनी घासत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी खालमानेनं विचारलं, "वहिनींसाठी ना?"

मी त्यांना तसं काहीच सांगितलं नव्हतं. "हो," म्हणालो.

"मग हे पाइप आतूनपण बघून घेऊ." त्यांनी हातोडीनं खांबावर टकटक केली, कान लावला आणि दोन्ही चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं. त्या दिवशी संध्याकाळच्या आत प्रायमर चढला. मी माझ्या सुवाच्य अक्षरात पुठ्ठ्यावर लिहिलं, "रंग ओला आहे. हात लावू नये," आणि तो पुठ्ठा खांबाला बांधला.

पहाटे दाराची बेल सतत वाजू लागली. उघडलं तर नवसाबाई, दोन्ही तळवे समोर धरलेले, लालभडक.

"पगारे भाऊ, रगत फुटलं हो मला! दोन्ही हातांना! पन्नास फेऱ्या झाल्या तवर कळलंच नाय!"

त्यांच्या मागं त्यांची सून मोबाईलवर कोणत्यातरी दवाखान्याशी रडवेल्या आवाजात बोलत होती. मी त्यांना प्रायमर म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी तळवे नाकाशी नेले, वास घेतला, आणि भीती ओसरल्याबरोबर संताप आला.

"मंग सांगायचं ना मानसानं!"

"पाटी लावली होती मावशी."

"मला काय म्हाईत? मला वाटलं तुमचंच नाव लिवलंय. आजकाल जो तो लोखंड दिसलं का नावच लिवतो."

अंजली उठून दारापर्यंत आली होती. मला वाटलं, आता ती हसेल. पूर्वीची अंजली असती तर सोफ्यावर कोसळेपर्यंत हसली असती. ती नवसाबाईंच्या तळव्यांकडे बघत राहिली, मग आत गेली आणि डाव्या हातानं टर्पेंटाइनची बाटली आणून तिनं टेबलावर ठेवली. नंतर तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

प्रायमरवर नवसाबाईंच्या दहाही बोटांचे ठसे उमटले होते, ते मी परत घासले. चौकातल्या बांधकामाची धूळ येऊन चिकटली, तीही घासली. मग दोन दिवसांच्या अंतरानं पिवळ्या रंगाचे दोन हात दिले. खांबावर काहीतरी मजकूर होता. गंज अक्षरांच्या खालूनच फुगला होता, म्हणून मी तो सगळा खरवडला आणि त्यावरही पिवळा फिरवला. मजकूर काय होता याकडे माझं लक्षच गेलं नाही. सरकारी माणसाला लोखंडावरचा मजकूर वाचायची सवय नसते.

रंग मात्र झकास बसला. मी अंजलीला गॅलरीच्या कठड्याशी बोलावलं.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"वाळलं की जाऊ आपण. आता एक खरखरीत जागा नाही त्याला. मुठींना तर तीनदा पेपर मारलाय."

ती काही बोलली नाही. मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ काढला.

त्याच संध्याकाळी साई आला. आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक भाऊ, त्यांचा हा कार्यकर्ता. तिशीचा, अत्यंत नम्र. दहा मिनिटांत त्यानं मला वीस वेळा काका म्हटलं.

"काका, काम एक नंबर झालंय. फक्त भाऊंचं नाव दिसत नाही काका."

"कुठलं नाव?"

"खांबावर होतं ना काका. 'मा. नगरसेवक' आणि खाली भाऊंचं नाव, 'यांच्या प्रयत्नातून'. मी काही म्हणत नाही काका, पण समोरच्या पार्टीनं फोटो टाकलाय." त्यानं मोबाईल पुढं केला.

फोटोत मी होतो. मागून घेतलेला. ब्रश घेऊन खांबापुढं वाकलेलो. खाली लिहिलं होतं, 'जनतेनं नाव पुसलं.' चेहरा दिसत नव्हता. माझ्या पस्तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेतला कुठलाही भाग त्यात दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त पार्श्वभाग, आणि जनतेचा कौल म्हणून तो तीनशे लोकांनी पुढं पाठवला होता.

"अरे, मी राजकारणात नाही रे बाबा."

"तेच म्हणतो ना काका. मग नाव परत लिहून टाका, म्हणजे विषयच संपला. तुमचं अक्षर चांगलंय म्हणतात."

शेवटचं वाक्य त्याला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. माझ्या अक्षराचं कौतुक केलं की मी कशावरही सही करतो, हे खात्यात सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी सकाळी मी काळा रंग आणि बारीक ब्रश घेऊन बसलो आणि भाऊंचं नाव लिहिलं. खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी माझ्या हातून मनासारखं उतरत होतं. वेलांट्या कशा ऐटीत आल्या. 'मा.' तर इतका डौलदार आला की तात्या बाकावरून उठून जवळ बघायला आले.

त्याच संध्याकाळी निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागू झाली.

मंगळवारी सकाळी निवडणूक विभागाची जीप आली. तिघं उतरले. त्यातला एक कॅमेरेवाला, एक कागद आणि गोंद घेतलेला, आणि तिसरे लिखापढीचे, समाधान नावाचे. मुक्काम पोस्ट कुठंही समाधान दिसू नये असा त्यांचा चेहरा होता. रात्रभर झोपले नसावेत. कोनशिला आणि पाट्यांवरची पुढाऱ्यांची नावं झाकत ते शहरभर फिरत होते. खांबापाशी आले, 'मा.'वर बोट टेकवलं. बोट काळं झालं.

"हे ताजं आहे," ते म्हणाले. मग दोघांकडे वळून, "आपण जुनी झाकतोय, आणि इथं नवीन लिहिलंय. कोणी लिहिलं?"

सहादूतात्यांनी आयुष्यभर रेल्वेत चौकशांना खरी उत्तरं दिली होती. ते बाकावरून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हे पगारे. आमच्यासमोर लिहिलं. अक्षर बघा कसं मोत्यासारखं आहे."

मी काही बोलायच्या आत गोंदवाल्यानं खांबावर वर्तमानपत्राचं पान थापलं होतं. "अहो, ओला आहे रंग!" मी ओरडलो. उशीर झाला होता. ओल्या रंगाला ते पान असं बसलं, की आता ते खांबासकटच निघेल. पान निधन वार्तांचं होतं. चौकटीतले बारा चेहरे माझ्या पिवळ्या रंगावरून माझ्याकडे बघत होते.

मी साईला फोन लावला. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. भाऊही बाहेरच असावेत.

दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या कार्यालयात बोलावलं. जाताना मी इस्त्रीचा शर्ट घातला. समाधान यांच्या टेबलासमोर बसवलं गेलं. माझ्यासमोर एक छापील कागद होता, आणि त्यात रकाने होते.

"नाव लिहायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. म्हणजे सांगितलं, पण मी ते चाकासाठी लिहिलं."

"हा 'मा.' म्हणजे काय लिहू? माजी की माननीय?"

"मूळच्या मजकुरात जसं होतं म्हणाले तसं लिहिलं."

"तसं नाही चालत काका. माजी असेल तर ती माहिती होते, माननीय असेल तर प्रचार."

पस्तीस वर्षं मी हजारो पत्रांच्या मायन्यात हा 'मा.' लिहिला होता. तो नेमका काय आहे हे कोणी कधी विचारलं नव्हतं. "माजी लिहा," मी म्हणालो, आणि कुठंतरी भाऊ दुखावले असतील असं मला उगाच वाटलं.

"उद्देश?" त्यांनी पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं.

मग मी सगळं सांगितलं. श्रावण, उजवा हात, बारा फेऱ्या, पापुद्रा, रक्त, गॅलरीतली खुर्ची. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. परगावच्या आमच्या मुलाला फोनवरसुद्धा मी हे इतकं नीट सांगितलं नव्हतं. समाधान यांनी पेन खाली ठेवलं होतं. माझं संपल्यावर त्यांनी ते उचललं आणि लिहिलं, 'पत्नीच्या आजारपणामुळे नाव लिहिले.'

"अहो, असं वाचलं तर काही अर्थच लागत नाही!"

"रकाना लहान आहे काका."

माझ्याइतकं हे कोणाला कळणार होतं? मी सही केली. ती बघून ते म्हणाले, "अक्षर खरंच चांगलं आहे." मग आवाज खाली आणून, "माझ्या आईलाही तसंच झालं. डावी बाजू गेली."

"आता कशा आहेत?"

"खाटेवरच. आम्ही उठवायचं बघितलं, तर नको म्हणायची. मग आम्हीही सोडून दिलं." त्यांनी कागदावर शिक्का मारला. "समज देऊन सोडलंय तुम्हाला. पुन्हा कुठं काही लिहू नका."

घरी आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. अंजली गॅलरीत नव्हती. जेवणाच्या टेबलाशी बसली होती, समोर ताट झाकून ठेवलेलं. नवसाबाई येऊन गेल्या होत्या. मला बेड्या घालून नेल्याच्या बातमीपर्यंत त्यांची मजल गेली होती.

"सोडलं?" तिनं विचारलं.

"समज दिली."

मी जेवायला बसलो. दोन घास झाले असतील.

"एक सांगू?" ती म्हणाली. "रागवायचं नाही."

"नाही."

"त्या दिवशी हाताला लागलं ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

मी घास खाली ठेवला.

"वाटलं, सुटले. आता कारण मिळालं." ती ताटाकडे बघत बोलत होती. "मला तिथं नव्हतं जायचं हो. सगळे बघत असतात. नवसाबाई मोठ्यानं मोजतात. आठ, नऊ, दहा. तात्या म्हणतात, अजून एक, अजून एक. मी तीस वर्षं पोरांना पाढे म्हणायला लावले, आणि आता माझे बारा झाले की लोक मला शाब्बास म्हणतात. एकदा तर एकानं टाळ्या वाजवल्या. माझ्या वर्गात होता तो. गणितात दोनदा नापास केलेला."

 अकरा दिवस. हातांचे फोड, नाकातला गंज, फोटो, जबाब.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खाली घासत बसला होता. मी वरून बघत होते. रोज वाटायचं, आज सांगू. पण तुम्ही ब्रश वर करून दाखवायचा." तिनं माझ्या बोटांवरच्या फोडांकडे बघितलं. "कसं सांगणार?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. मी उठलो, हात धुतले, ते पुसायला टॉवेल सापडेना म्हणून टॉवेलवर ओरडलो. मग येऊन परत खुर्चीत बसलो. मला समाधान यांची आई आठवली, जिला मी कधी बघितलं नव्हतं. 'मग आम्हीही सोडून दिलं.'

"दुपारी दोनला खाली कोण असतं?" मी विचारलं.

"मला काय माहीत?"

"मला माहीत आहे. अकरा दिवस तिथंच होतो मी. कोणी नसतं. तात्या झोपतात. नवसाबाई मालिका बघतात."

तिनं टेबलावरची शितं डाव्या हातानं गोळा केली. मग म्हणाली, "चप्पल काढून द्या माझी. पट्ट्याची."

खाली खरंच कोणी नव्हतं. हिवाळ्यातलं ऊन पिवळ्या चाकांवर पडलं होतं. ती खांबापाशी थांबली आणि निधन वार्ता वाचू लागली. वाचल्याशिवाय ती कुठलाही कागद सोडत नाही. "हे आमच्या शाळेत शिपाई होते," तिसऱ्या चौकटीकडे बघत म्हणाली. "गेले वाटतं." मग डाव्या हातानं उजवा उचलून तिनं मुठीवर ठेवला आणि एकेक बोट वळवून बसवलं. चाक हललं. नियाजभाईंच्या ग्रीसमुळे आवाज अगदी बारीक होता. एक. दोन.

"मोजताय तुम्ही."

"नाही."

"ओठ हलतायत."

मी वळलो. थेट पाठ करून, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. चाक काही फिरेना. मी आणखी चार पावलं पुढं गेलो, जवळजवळ भिंतीला नाक लागेपर्यंत. मग मागून तो बारीक आवाज पुन्हा सुरू झाला. मधेच थांबायचा. पुन्हा सुरू व्हायचा.

"काय पगारे?" तात्या. झोपमोड झाली असावी. खिडकीतून अर्धे बाहेर आले होते. त्यांच्या खिडकीतून भिंत दिसते, चाक आंब्याच्या झाडाआड जातं. "आता भिंत घेतली का रंगवायला?"

मागचा आवाज थांबला.

"हो तात्या," मी भिंतीवरून हात फिरवत म्हणालो. "बघतोय, कुठून सुरुवात करावी."

"अरे, भिंतीचं लोखंडासारखं नसतं! आधी ओल कुठून येते ते शोध. आमच्या इगतपुरीच्या क्वार्टरला..."

तात्या सुरू झाले. चुना, ओल, सिमेंट, पावसाचे सहा महिने. मी एकदाही मधे बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी कोणाचाही सल्ला इतक्या मन लावून ऐकला नसेल. मान डोलावत होतो, "अच्छा, मग?" म्हणत होतो, आणि माझ्या पाठीमागं चाक पुन्हा फिरायला लागलं होतं.